रुमालाखालचा सौदा

४ नोव्हेंबर

परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, ह्यांना कधी राग येतो, कधी रडू येतं, झोप किती होते, सगळं लिहून ठेवत जा. अंगणवाडीत जन्मभर लेकरांची वजनं लिहिली, आता नवऱ्याचे राग लिहायचे. बरं. पण लिहिणारी मी आहे, तेव्हा माझ्या मनातलंही लिहीन. डॉक्टरांना वाचायचं तर वाचू द्या.

आज बाजाराचा दिवस, म्हणजे आमच्या घरी लढाई. ह्यांनी, दत्तरावांनी, उभा जन्म ताडकळसच्या बाजारात बैलांची दलाली केली. मग विसरायला लागले. आधी चष्मा, मग घरचा रस्ता, मग लेकीचं नाव. आता मी कोण हेही रोज नक्की नसतं. कधी मी त्यांची थोरली बहीण असते, कधी अंगणवाडीच्या बाई, कधी घरात शिरलेली चोर. पण दारावरून टेम्पो जायला लागले, गुरं हंबरली, की हे उठलेच. डोक्याला रुमाल गुंडाळायचा आणि दाराशी उभं राहायचं.

"सोड मला, गिऱ्हाईक खोळंबलंय."

"बाजार बंद हाय आज."

"कोण म्हणतंय? मला ऐकू यायलंय की!"

मी कुलूप लावलं आणि किल्ली पोलक्यात घातली. दुपारपर्यंत दार बडवत होते. वैष्णवीचा, आमच्या लेकीचा, संभाजीनगरहून फोन आला. "आई, तू कशी आहेस?" म्हटलं, मला काय धाड भरलीय.

७ नोव्हेंबर

आंघोळीला एक तास. साबण बघितला की हे मला शिव्या देतात, पाणी अंगावर पडलं की हात उगारतात. आज न्हाणीत खाली बसले ते उठेनात. काखेत हात घालून उचललं. उचलताना पोटाखाली काहीतरी सरकलं आणि मी तशीच भिंत धरून उभी राहिले.

जुनंच आहे ते. अंग बाहेर येतं, म्हणजे गर्भाची पिशवी खाली उतरते. आधी कधीमधी यायचं, आता रोजच. मी कापड घट्ट बांधते, काम झालं की आडवी होते, आपोआप आत जातं. कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगायची हौसही नाही. बायांच्या जातीला असली दुखणी अंगावर काढायची सवयच असते.

१० नोव्हेंबर

धम्मशीला आली होती. गावची आशाताई. लहानपणी माझ्याच अंगणवाडीत होती, खिचडीतले वाटाणे वेचून शेजारणीच्या ताटात टाकायची. आज आली ह्यांच्या गोळ्या द्यायला आणि मला बघत बसली.

"बाई, तुमी पाय फाकून कामून चालायलात?"

"गुडघा दुखायलाय."

"गुडघा दुखल्यावर माणूस लंगडतंय. असं चालत न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाली, "अंग बाहेर यायलंय ना? कधीपासून?"

मी म्हटलं, तुझं काम झालं असेल तर जा. ती गेली नाही. दार लावून घेतलं, म्हणाली, दाखवा. हिचा शेंबूड मी पुसलाय आणि ही मला 'दाखवा' म्हणते! पण दाखवलं. तिचं तोंड उतरलं. शनिवारी परभणीला जायचं ठरवूनच ती उठली.

१५ नोव्हेंबर

जाऊन आले. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पिशवी काढून आतून टाके घालायला लागतील. पाच दिवस दवाखान्यात, आणि पुढं तीन महिने पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. बादली! मी घरी सहा फुटी माणूस उचलते.

मी म्हटलं, होणार नाही. घरात असा माणूस आहे. बाई म्हणाल्या, "आजी, जखम होईल, रक्त जाईल. तुम्ही पडलात तर दोघंही पडाल." मी पदर सावरून बाहेर आले.

बसमध्ये धम्मशीलाशी भांडले. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या पिशव्या काढलेल्या मी डोळ्यानं बघितल्यात, जन्मभर कंबर धरून बसल्या बिचाऱ्या. ती म्हणाली, "त्यांच्या गरज नसताना काढल्या, बाई. तुमची गरज असताना ठिवलीय. दोन्ही वाईटच."

घरी आले तर शेजारच्या कडूबाई रडकुंडीला आलेल्या. ह्यांना त्यांच्यावर सोपवून गेले होते. हे दिवसभर जेवले नाहीत, धोतर ओलं, डोळे सुजलेले. मला बघून माझा पदर धरला. मी कोण ते कळलं नसेल, पण पदर धरला. आता सांगा, कुणाच्या जिवावर जाऊ?

२१ नोव्हेंबर

वैष्णवीनं परभणीहून एक माणूस पाठवला, आजारी माणसांना सांभाळणारा. पांढरे कपडे, हातात मोजे. ह्यांनी त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. मी हळद लावली, चहा पाजला, दुपारच्या बसनं तो परत गेला. वैष्णवीला फोनवर सांगितलं, बघ बाई, त्यांना परकं माणूस चालत नाही.

आज जेवण गोड लागलं. का कुणास ठाऊक. भाजी तर कालचीच होती.

२५ नोव्हेंबर

सकाळी दूधवाला आला, मी कुलूप लावायची विसरले. पातेलं ठेवून वळले तर घर रिकामं. विहिरीवर पळाले. आधी विहिरीतच बघितलं, हे लिहायलाही नको वाटतं. मग पूर्णा रोडला, मग देवळात. पोटाखालचं सगळं ओढत होतं, तरी पळाले. शेवटी कुणीतरी म्हणालं, बाजारात बघा की.

आमचा बैलबाजार आता पार आटलाय. ट्रॅक्टर आले, जोड्या गेल्या. लिंबाखाली पाच-सहा म्हातारे दलाल बसतात ते सवयीनं. तिथं हे बसले होते. शेजारी व्यंकटी, ह्यांचा जुना जोडीदार. दोघांच्या हातांवर रुमाल टाकलेला.

ज्यांनी बैल घेतले नाहीत त्यांना सांगते. बैलाचा भाव चारचौघांत बोलायचा नसतो. दलालानं रुमाल टाकायचा, त्याखाली एकमेकांची बोटं धरायची. एक धरलं तर एक, दोन धरली तर दोन, अख्खा पंजा धरला तर पाच. तोंडानं मात्र पाऊसपाणी, पाहुणेरावळे, भलतंच बोलत राहायचं. बोटं जमली की सौदा झाला. मग मोडायचा नाही, मोडला तर बाजारात तोंड दाखवायचं नाही.

व्यंकटी म्हणत होता, "काय म्हणतीय पोरगी तुजी?" हे म्हणाले, "मजेत हाय!" आणि खदखदून हसले. दोन वर्षं झाली असतील मी हे हसू ऐकलं नव्हतं. बैल कुठला, भाव कुणाचा, काही नाही. तरी हसत होते. भजी खात होते. व्यंकटीनं तेलकट बोटं पुसली तर हात पुढं करून पुसून घेतली. घरी मी पुसायला गेले की चोर ठरते.

"वहिनी, बाजारच्या दिवशी आणून सोडत जा की दत्तूला," व्यंकटी म्हणाला. "आमी हावोत."

मी ह्यांचा दंड धरला आणि घरी आणलं. देवाची कृपा म्हणायची, की सापडले. पण मला राग आला होता. कुणाचा ते अजून कळलेलं नाही.

२ डिसेंबर

सोडून आले. कुलुपाशी झोंबायची ताकदच उरली नव्हती म्हणून. घरी आले, जरा पाठ टेकली, ती दुपार टळून गेल्यावर जाग आली. घाबरून धावत गेले. हे तिथंच. व्यंकटीनं त्यांची दाढी केली होती! माझ्याकडं बघून म्हणाले, "या बाई कुणाकडच्या?" सगळे हसले. मीही हसले, पण घरी येईपर्यंत.

५ डिसेंबर

न्हाणीत पडले. त्यांना उठवताना पाय सरकला. ते पडले नाहीत, मी पडले. रक्त गेलं, बरंच. हे शेजारी बसून माझ्या डोक्यावरून हात फिरवत होते आणि म्हणत होते, "ऊठ बाळ, ऊठ." उठवणारं कुणी नव्हतं. सरकत सरकत दारापर्यंत गेले आणि कडूबाईंना हाक मारली.

८ डिसेंबर

धम्मशीलानं परस्पर तारीख घेतली. सतराला भरती, अठराला ऑपरेशन. मी म्हटलं, रद्द कर. मग ती जे बोलली ते तसंच लिहिते.

"बाई, तुमाला वाटायलंय तुमच्या हाताबिगर हे जगणार न्हाईत. बाजारात दिवसभर जगतेत की! हसतेत की! तुमीच एकल्या लढायलात आन् बाकीच्यायला आत येऊ देईनात."

मी तिला चहासुद्धा विचारला नाही. मोठी शहाणी. चार पोरींची बाळंतपणं केली म्हणजे माणसाचं मन कळतं का?

रात्री भाकरी थापताना तवा करपला. तिला फोन करावासा वाटला, केला नाही.

९ डिसेंबर

बाजार. व्यंकटीला सांगितलं. दुखणं काय ते नाही सांगितलं, बाईचं दुखणं म्हटलं, त्याला तेवढं पुरलं. तो म्हणाला, "मी आन् चांगुणा तुमच्या घरी राहायला येतो. त्यात काय एवढं?" चांगुणाबाई त्याची बायको. त्यांचा मुलगा-सून सांगलीकडं ऊसतोडीला गेलेत, घरी दोघंच आहेत.

एवढं सोपं. मी पाच वर्षांत कुणाला विचारलंच नव्हतं हे आज लक्षात आलं. पण ह्यांचं काय? मी दिसले नाही की रडतात. मी कोण ते माहीत नसलं तरी रडतात.

१३ डिसेंबर

रोज सांगून बघतेय. "अहो, मी पाच दिवस दवाखान्यात जाते, व्यंकटी येणार आहे." पहिल्यांदा ऐकल्यासारखा त्यांचा चेहरा पडतो. "मला टाकून चालली?" थोड्या वेळानं विसरतात, पण रडं तसंच राहतं, कशाचं ते त्यांनाही माहीत नसतं. म्हणजे मी रोज सकाळी त्यांना नव्यानं टाकतेय. धम्मशीला आली होती, आज चहा दिला. तिला म्हटलं, यांना असं रडवून मी टेबलावर झोपणार नाही. मेले तरी चालेल. ती कप घेऊन बसून राहिली.

१६ डिसेंबर

आज जे झालं ते नीट लिहायचंय.

व्यंकटीला सकाळीच सांगितलं होतं की मी जाणार नाही, हे ऐकत नाहीत. तो बिडी विझवून म्हणाला, "तुमी तोंडानं सांगायलात, वहिनी. तोंडाचं दत्तूनं कवा खरं मानलंय? बाजारात तोंडानं समदे लबाडच बोलतेत. खरं असतंय ते रुमालाखाली."

"मग तू कर सौदा."

"मी कामून? जायचंय तुमाला. पार्टी तुमी."

बाई माणसाचा हात रुमालाखाली? ह्या बाजारात कुणी ऐकलं नसेल, बघितलं तर नाहीच. मी म्हटलं, लोक काय म्हणतील. तो म्हणाला, "लोक हायेत कुठं? आमी सहा म्हातारे आन् चार बैल."

लिंबाखाली गेले. हे मधोमध बसले होते. व्यंकटी म्हणाला, "दत्तू, पार्टी आलीय. चार-पाच दिवस वस्तीला जायचं म्हणतीय. तुजा रुकार पायजे." ह्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. बाई बघून जरा अडले. व्यंकटीनं आमच्या दोघांच्या हातांवर रुमाल टाकला आणि बाकीच्यांवर ओरडला, "तिकडं बघा रे!" सगळे म्हातारे एकदम बैलांकडं बघायला लागले.

माझा हात घामानं ओला झाला होता. मी त्यांचा अख्खा पंजा धरला. पाच.

आणि ह्यांचा चेहरा बदलला. गेली दोन वर्षं डोळ्यांत जे हरवलेलं दिसतं ते गेलं. पाठ ताठ झाली. माझ्यासमोर दत्तराव बसले होते, ज्यांच्या बोटाला अख्खा बाजार भ्यायचा ते.

"यंदा हरभरा कसा हाय तुमच्याकडं?" तोंडानं विचारलं, आणि आत माझी दोन बोटं धरली. दोन!

"फुलावर हाय," मी म्हटलं आणि पुन्हा पंजा.

"पाणी हाय का हिरीला?"

"पाणी हाय, लाइट नसती."

"लाइटचं समदीकडं तसंच हाय." तीन बोटं.

मी पंजा सोडला नाही. त्यांनी तीन बोटं दाबली, माझ्याकडं तिरकं बघितलं. मला एकदम हसू आलं. लग्न होऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली, ह्यांच्याशी घासाघीस करायची ही माझी पहिलीच वेळ. घरात ते म्हणतील ते, नाहीतर मी म्हणेन ते, असाच कारभार. मी एक बोट सोडलं. चार. आणि घट्ट धरून ठेवलं.

"लेकरंबाळं बरी हायेत ना?" त्यांनी विचारलं.

"बरी हायेत. एक लेक हाय. शिकलेली हाय."

"लेक असावी," ते म्हणाले. मग आतून माझी चार बोटं दाबली, रुमाल झटकला आणि माझ्या तळहातावर टाळी मारली. "झालं!"

सौदा झाला की इसार द्यायचा असतो. खिशात पैसे नव्हते, शेंगा होत्या. मूठभर शेंगा माझ्या ओंजळीत टाकल्या आणि व्यंकटीला म्हणाले, "बाई खमकी हाय. पाचावरून चारावर लय तंगवलं." बाकीचे चौघं म्हातारे बैलांकडं बघत होते, पण एकाचेही कान तिकडं नव्हते.

त्यांना दिवस कळले की हजार कळले, देव जाणे. मी तिथंच बसून शेंगा खाल्ल्या आणि रडले, आणि रडताना हसलेही. ते रडले नाहीत. चांगुणाबाई संध्याकाळी गाठोडं घेऊन आल्या. हे त्यांना म्हणाले, "पार्टी उद्या जायलीय. मी रुकार दिलाय."

१७ डिसेंबर

दवाखान्यात. वैष्णवी आली. सगळं ऐकून म्हणाली, "आई, तू बाबांकडून सुट्टी विकत घेतलीस!" तिला दुखण्याचंही आज पहिल्यांदा नीट सांगितलं. ती रागावली, मग गळ्यात पडली. उद्या ऑपरेशन. भीती वाटतेय, लिहून ठेवते.

२० डिसेंबर

झालं. दुखतंय, पण पोटाखाली ओढ नाही. इतक्या वर्षांनी ओढ नाही. उठून चार पावलं चालले, पाय जुळवून. धम्मशीला आली होती. दारातून माझी चाल बघितली आणि तोंडाला पदर लावला. मला लेकरासारखं रडू येतंय, पण हे रडू वेगळं आहे.

एक घोर आहे. सौदा चार दिवसांचा, डॉक्टरीणबाई पाच म्हणतात, कदाचित सहा. मी त्यांना म्हटलं, मला उद्या सोडा, सौदा मोडायचा नसतो. त्यांनी वैष्णवीकडं बघितलं, म्हातारीच्या डोक्यावर भुलीचा परिणाम झाला असं त्यांना वाटलं असणार.

२१ डिसेंबर

व्यंकटीला फोन केला. म्हटलं, आज चौथा दिवस, ते वाट बघत असतील, माझा शब्द जाईल.

तो जोरात हसला. "वहिनी, त्याला कालचं आज कुठं ध्यानात राहतंय? सांजच्याला तो कासावीस होतोय तवा मी रुमाल टाकतो आन् नवा सौदा करतो. सौदा झाला की जेवतोय, झोपतोय. परवा तीन दिले, काल सहा दिलेत तुमाला. तुमी निवांत पडा."

"आंघोळ?"

"रोज."

"भांडत न्हाईत?"

"कशापायी भांडंल? मी पाणी पायापासून सोडतो, आधी मांडीवर, मंग पाठ, डोक्यावर शेवटाला. तोंडानं 'ह्हो ह्हो राजा' करायचं. उभा राहतोय गुमान."

माझ्या नवऱ्याला बैलासारखं धुतोय मेला! मी फोन ठेवला आणि वैष्णवीला सांगितलं. ती इतकी हसली की नर्स बघायला आली. हसताना टाके दुखले. मग मला आठवलं, मी पहिला तांब्या डोक्यावरच ओतायची. रोज. पाच वर्षं.

२३ डिसेंबर

घरी आले. हे ओट्यावर उन्हात बसले होते, अंगावर स्वच्छ सदरा, गाल जरा भरलेले. मला बघून म्हणाले, "आली का गं?" 'आली का गं' म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. आज बाजार असूनही लिंबाखालचे चौघं म्हातारे घरी आले आणि खाटेभोवती बसले.

६ जानेवारी

बादली उचलायची नाही, तवा उचलायचा नाही, नुसतं बघायचं. बघणं हे काम मला कुणी शिकवलं नाही. चांगुणाबाई भाकरी जाड थापतात. व्यंकटी ह्यांना घेऊन बिडी ओढायला जातो. मी दिवसातून दहा वेळा 'असं नाही, तसं' म्हणते. चांगुणाबाई आज शेवटी म्हणाल्या, "माय, तुमचं प्वाट शिवलंय, त्वांड न्हाई शिवलं." जाड भाकरी ह्यांना आवडते असं दिसतं.

१८ जानेवारी

गावभर झालंय. भोगीची भाजी घ्यायला गेले होते तर बाया म्हणतात, "कोकिळाबाई, रुमालाखाली काय काय केलं म्हणे?" दुसरी म्हणाली, "आमच्या मालकाकडून चार दिवस माहेरपण मिळवून द्या की, तुमाला दलाली देऊ." मी म्हटलं, रुमाल घेऊन ये, शिकवते. आणि खरंच दोघी जणी हुरड्याच्या दिवशी माझ्याकडून बोटं धरायला शिकल्या. त्यांच्या घरी काय झालं ते अजून कळलं नाही.

८ फेब्रुवारी

वाईट दिवस. ताप आला ह्यांना, दोन दिवस कुणालाच ओळखेनात, व्यंकटीलासुद्धा. रुमाल टाकला तर बोटंही धरली नाहीत. हात नुसता पडून राहिला. मला वाटलं, संपलं, हाही रस्ता बंद झाला. तेव्हा मी उठून सगळ्यांना घरी पाठवणार होते, म्हणणार होते, आता माझं मीच बघते. दारापर्यंत गेलेही. तिथं चांगुणाबाई ह्यांच्यासाठी पेज घोटत बसल्या होत्या, आणि धम्मशीला औषध मोजत होती. मी परत आले आणि म्हटलं, मी दोन तास झोपते, तुमी बसा.

झोपलेसुद्धा.

११ फेब्रुवारी

ताप उतरला. दुपारी रुमाल टाकल्यावर माझं एक बोट धरलं. एकच. तेवढं पुष्कळ आहे. डॉक्टर म्हणतात, हा आजार मागं फिरत नाही, एक दिवस तेही धरणार नाहीत. तो दिवस आला की आला. तोवर ज्या दिवशी धरतील त्या दिवशी मी माझे भाव नीट सांगणार आहे.

२१ मार्च

परभणीला शेवटची तपासणी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, उत्तम. आता बादली उचला." मी म्हटलं, उचलायला माणसं आहेत, गरज पडली तर बघू. धम्मशीलानं मला कोपर मारलं.

स्टँडवर आलो तर गाडी लागलेलीच होती. पूर्वीची सवय, मी पळत सुटले, पायरीवर पाय ठेवला. कंडक्टर म्हणाला, चला मावशी, लवकर. आणि मला कळेना की मी कशासाठी पळतेय. घरी व्यंकटी आहे, चांगुणाबाई आहेत, स्वयंपाक झालेला आहे. दुखणं नाही, दवाखाना नाही, कुठलंही कारण नाही. मी पाय खाली घेतला. म्हटलं, जाऊ दे गाडी.

धम्मशीला म्हणाली, "काय इसरलात का बाई?"

"न्हाई. रस पिऊ."

आम्ही उसाचा रस प्यालो, बर्फ घालून. मग तिला पोरीसाठी फ्रॉक घ्यायचा होता, तो निवडण्यात दोघींनी दुकानदाराला घाम फोडला. मला बांगड्या घेतल्या, हिरव्या. मग अजून एक गाडी गेली, तीही जाऊ दिली. खिडकीची जागा मिळेल अशी गाडी आली तेव्हा बसलो. वाटेत धम्मशीला माझ्या खांद्यावर झोपली. अंगणवाडीतही ही अशीच झोपायची.

घरी पोचायला दिवस मावळला. दाराशी आले तेव्हा छातीत जुनी धडधड झालीच, खोटं कशाला बोलू. काही झालं असेल, रडत असतील, पदर शोधत असतील. आत कसलाच आवाज नव्हता.

ह्यांचं जेवण झालं होतं. व्यंकटी ओट्यावर सुपारी कातरत होता. चांगुणाबाई म्हणाल्या, "एवढ्या लवकर आलात?" कुणाचंही माझ्यावाचून काही अडलेलं नव्हतं. या एका गोष्टीला मी इतकी वर्षं भीत होते, हे मला तिथं दारात उभं राहून कळलं. आणि मला वाईट वाटलं नाही. इतकं हलकं वाटलं की चप्पल काढायचीही विसरले.

ह्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. हातातल्या हिरव्या बांगड्या बघितल्या. मी कोण ते त्यांना कळलं नाही, ते डोळ्यांतच दिसलं. पण घरी आलेल्या पाहुणीला हसावं तसं ते छान हसले, सरकून खाटेवर जागा केली आणि म्हणाले, "बसा की. उभ्या कामून राहिलात?"

ह्या घरात इतक्या वर्षांत मला कुणी बसा म्हटलं नव्हतं. मी बसले. चांगुणाबाईंनी चहा आणून दिला, आणि मी तो शेवटच्या घोटापर्यंत गरम प्याले.